किती शेक पुरे? रेडिएशनच्या सव्वाशे वर्षांची गोष्ट

आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. काही जणांना लोकलच्या गोंगाटात नीट ऐकू येत नाही, काहींना आकडे डोळ्यांनी वाचायचे असतात, त्यांच्यासाठी. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले "अं" आणि "काय म्हणत होतो मी" छाटलेत.

आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे हा भाग म्हणजे सल्ला नाही, इतिहास आहे. घरात कोणाचे उपचार चालू असतील तर निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा.

तर, आपल्याकडे कॅन्सर झालेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "किमो झाली, आता शेक चालू आहेत." शेक म्हणजे रेडिएशन. पुढचा प्रश्न ठरलेला: "किती सांगितलेत?" कोणी म्हणतं २५, कोणी ३७, कोणी ५. पाहुणे मान हलवतात, चहा पितात आणि विषय बदलतो. पण हा आकडा येतो कुठून? ३७ च का? ४० का नाही? ५ मध्ये भागत असेल तर ३७ कशाला?

आज दोन ठिकाणच्या कॅन्सरवरून हे समजून घेऊ. पहिलं ठिकाण प्रोस्टेट. पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. दुसरं ठिकाण मेंदू, पण तिथेच सुरू झालेला कॅन्सर नव्हे. फुप्फुसात, स्तनात किंवा त्वचेत सुरू झालेला कॅन्सर रक्तातून मेंदूत जाऊन तिथे गाठी करतो, तो. प्रोस्टेटचा कॅन्सर स्वतः मेंदूत क्वचितच जातो, त्याला हाडं जास्त आवडतात. मग दोन्ही एकाच भागात का घेतले? कारण दोन्हीकडे एकच प्रश्न होता, किती पुरे. प्रोस्टेटमध्ये त्याचा अर्थ होता किती दिवस, आणि मेंदूत किती जागा.

मेंढ्यापासून सुरुवात

८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग शहरात विल्हेल्म रोंटगेनला एक्स-रे सापडले. १८९८ मध्ये पॅरिसला मेरी आणि पिएर क्युरींना रेडियम सापडलं. लगेच डॉक्टरांनी या दोन्ही गोष्टी गाठींवर वापरून बघायला सुरुवात केली. डोस मोजायचं धड साधन नव्हतं. कातडी लाल झाली की समजायचं, बास, पुरे. गाठ जायची, पण वरची कातडीही भाजून निघायची.

१९२० च्या दशकात पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लॉडियस रेगो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. प्रश्न असा होता: मेंढ्याची वीर्य तयार करायची क्षमता रेडिएशनने कायमची बंद करायची, पण वरची कातडी जळू द्यायची नाही. एकाच दणक्यात सगळा डोस दिला तर जमेना. तोच डोस बरेच दिवस थोडा थोडा करून दिला, तर आतलं काम झालं आणि कातडी वाचली.

यामागचं कारण नंतर हळूहळू उलगडलं. रेडिएशन पेशीतल्या डीएनएला तोडतं. निरोगी पेशी मधल्या वेळात आपली डागडुजी करून घेतात. भराभर वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. म्हणून रोज थोडं द्यायचं, रात्रभर निरोगी भागाला सावरू द्यायचं, उद्या पुन्हा. रेगोचा सहकारी आन्री कुतार याने घशाच्या कॅन्सरवर ही पद्धत वापरून दाखवली आणि ती जगभर पसरली. आज आपण ज्याला "सिटिंग" म्हणतो, त्याचं मूळ त्या मेंढ्यात आहे.

नियम चांगलाच होता. पण तो आला मेंढ्यातून आणि घशातून. प्रत्येक अवयवाला तो तसाच लागू पडतो का, हे कोणी तपासलं होतं? तिथूनच आपली खरी गोष्ट सुरू होते.

प्रोस्टेट: सुईपासून मशीनपर्यंत

प्रोस्टेट शरीरात खोल. वर मूत्राशय, मागे गुदाशय. सुरुवातीचे एक्स-रे इतके कमजोर की त्यांचा बहुतेक जोर कातडीतच संपायचा. म्हणून डॉक्टरांनी रेडियमच आत न्यायचं ठरवलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये बेंजामिन बॅरिंजर १९१० च्या दशकात रेडियम भरलेल्या सुया खालच्या बाजूने थेट ग्रंथीत टोचायचा. सुई कुठे चाललीय हे कसं कळायचं? एक बोट गुदाशयात ठेवून, चाचपून. ना सोनोग्राफी, ना स्कॅन.

मग १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्सने दाखवलं की प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. ते हार्मोन बंद केलं की पसरलेला कॅन्सरसुद्धा आटतो. या शोधाला १९६६ चं नोबेल मिळालं. साहजिकच सगळ्यांचं लक्ष हार्मोनकडे गेलं आणि प्रोस्टेटचं रेडिएशन काही काळ मागे पडलं.

ते परत आलं मशीनमुळे. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट मशीनवर पेशंटचे उपचार सुरू झाले. १९५६ मध्ये स्टॅनफर्डला हेन्री कॅप्लनने लिनिअर ॲक्सिलरेटर पेशंटसाठी वापरायला सुरुवात केली. हे किरण कातडीला फारसं न भाजता खोलवर पोचायचे. त्याच ठिकाणी माल्कम बॅगशॉने प्रोस्टेटच्या पेशंटना या मशीनवर घेतलं. बाहेरून दिलेल्या किरणांनी प्रोस्टेटचा कॅन्सर कायमचा बरा होऊ शकतो, हे पटवून देण्यात त्याचा मोठा वाटा.

डोस ठरला रेगोच्या वाटेनेच. रेडिएशन मोजायचं एकक आहे ग्रे. रोज सुमारे २ ग्रे, आठवड्याचे पाच दिवस, सात-आठ आठवडे. पुढे ७४ ग्रे, ३७ सिटिंग हे एक नेहमीचं माप होऊन बसलं. आमच्या धंद्यात अशी एखादी सेटिंग असते. कोणीतरी कधीतरी टाकलेली, चालतेय, म्हणून कोणी हात लावत नाही. कारण हात लावला आणि बिघडलं तर जबाबदार कोण? आणि इथे तर बिघडणार असतो माणूस. त्यामुळे डॉक्टर सावध राहिले यात नवल नाही.

लंडनमधले सहा शेक

पण एक अपवाद होता. लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठावर, पार्लमेंटच्या अगदी समोर, सेंट थॉमस हॉस्पिटल आहे. तिथे १९६४ ते १९८४ अशी वीस वर्षं प्रोस्टेटच्या पेशंटना फक्त ६ सिटिंगमध्ये ३६ ग्रे दिले जात होते. म्हणजे एका वेळी ६ ग्रे, नेहमीच्या तिप्पट. २३२ पुरुषांचा अहवाल १९९१ मध्ये छापून आला. मोठा गोंधळ झाला नव्हता, लोक ठीक होते.

तरी जगाची पद्धत बदलली नाही. एका अर्थी बरोबरही होतं. तुलनेला दुसरा गट नव्हता. त्या वर्षांत पीएसए ही रक्ताची तपासणी रुळलेली नव्हती, त्यामुळे कॅन्सर खरंच गेला की दबा धरून बसला, हे कळायला मार्ग कमी होते. "आमच्याकडे चाललं" एवढ्यावर जगाने मान का डोलवावी?

१९९९ मध्ये डेव्हिड ब्रेनर आणि एरिक हॉल या न्यूयॉर्कच्या दोन संशोधकांनी जुन्या पेशंटच्या आकड्यांवरून एक गणित मांडलं. म्हणणं साधं होतं. रेगोचा नियम भराभर वाढणाऱ्या कॅन्सरसाठी आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा सावकाश वाढतो. अशा पेशी रोजच्या छोट्या डोसमधून सावरतात, पण एकदम मोठा डोस आला की त्यांना ते पेलत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी आपण डोसचे तुकडे करत होतो, तेच कारण इथे उलटं पडत होतं! थोडं थोडं दिल्याने कॅन्सरलाच उसंत मिळत होती.

गणित कागदावर सुंदर दिसतं. पण एका वेळी मोठा डोस द्यायचा तर नेम अचूक हवा, नाहीतर शेजारच्या गुदाशयाचं वाटोळं. इथे कॉम्प्युटर कामी आला. मशीनच्या तोंडाशी धातूच्या पातळ पट्ट्या बसवल्या, प्रत्येक पट्टी वेगळी सरकणारी. किरणांचा आकार गाठीच्या आकाराबरहुकूम करता येऊ लागला. सॉफ्टवेअरला आधी उत्तर सांगायचं, इथे इतका डोस हवा, तिथे याहून जास्त नको, आणि त्याने उलटं गणित करून किरण कुठून किती सोडायचे ते काढायचं. शिवाय मूत्राशय भरलं, गॅस झाला की प्रोस्टेट जागेवरून हलते. म्हणून अनेक ठिकाणी ग्रंथीत सोन्याचे बारीक कण बसवतात आणि प्रत्येक सिटिंगआधी फोटो काढून जागा जुळवतात. पेशंटला मोजून पाणी प्यायला लावतात ते यासाठीच.

मग आल्या मोठ्या चाचण्या. चाचणी म्हणजे काय, तर पेशंटच्या संमतीने, त्याला कुठला उपचार मिळणार हे नाणेफेकीसारखं ठरवायचं. डॉक्टरच्या आवडीने नाही, पेशंटच्या ऐपतीने नाही. म्हणजे दोन्ही गट सारखे राहतात आणि शेवटी दिसणारा फरक उपचाराचाच असतो.

ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या चिप नावाच्या चाचणीत ३,२१६ पुरुष होते. २०१६ मध्ये निकाल आला. पाच वर्षांनी कॅन्सर परतलेला नाही असे लोक ३७ सिटिंगच्या गटात ८८.३ टक्के, २० सिटिंगमध्ये ६० ग्रे घेतलेल्या गटात ९०.६ टक्के. म्हणजे २० मध्ये काम भागत होतं. २०१९ मध्ये स्वीडन आणि डेन्मार्कच्या १,२०० पुरुषांच्या चाचणीने ३९ विरुद्ध ७ सिटिंग अशी तुलना केली. दोन्हीकडे ८४ टक्के. २०२४ मध्ये पेस-बी चाचणी आली. कमी आणि मध्यम धोक्याचे ८७४ पुरुष, ५ सिटिंगमध्ये ३६.२५ ग्रे. पाच वर्षांनी ९५.८ टक्के ठीक, जास्त सिटिंगच्या गटात ९४.६.

३६.२५ ग्रे, ५ सिटिंग. सेंट थॉमसवाले देत होते ३६ ग्रे, ६ सिटिंग. साठ वर्षांचा फेरा मारून माप जवळजवळ तिथेच आलं. फरक इतकाच की आता नेम पक्का होता आणि पुरावाही होता.

एक गोष्ट लपवायला नको. पेस-बीमध्ये लघवीचे मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास ५ सिटिंगच्या गटात थोडे अधिक दिसले, पाच वर्षांत २६.९ टक्के विरुद्ध १८.३. म्हणजे कमी दिवसांची थोडी किंमत आहेच.

आणि कधी कधी उत्तर शून्य असतं. ब्रिटनच्या प्रोटेक्ट चाचणीत लवकर सापडलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचे १,६४३ पुरुष तीन गटांत वाटले होते: नुसतं लक्ष ठेवणं, ऑपरेशन, रेडिएशन. १५ वर्षांनंतरचा निकाल २०२३ मध्ये आला. तिन्ही गटांत या कॅन्सरने मरण पावलेले सुमारे ३ टक्के किंवा कमी. नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात कॅन्सर पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं, ९.४ टक्के, बाकी दोन्हीकडे ५ च्या आसपास. म्हणजे निवड पेशंटची, पण घाबरून पहिल्याच आठवड्यात उडी मारायची गरज बऱ्याच जणांना नसते.

मेंदू: अख्खं शेत की एक तण?

आता मेंदूकडे. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी मेंदूत पसरलेल्या कॅन्सरवर अख्ख्या मेंदूला रेडिएशन देण्याचा अनुभव छापला. डोकेदुखी, उलट्या, फिट यांत लोकांना आराम पडत होता. अख्खा मेंदू का? कारण गाठ कुठे आहे, किती आहेत, हे दिसतच नव्हतं. सीटी स्कॅनवर पहिला पेशंट गेला १९७१ मध्ये. तण कुठे आहे ते दिसत नसेल तर शेतकरी सगळ्या शेतावर फवारणार, नाहीतर काय करणार? पुढे अमेरिकेत वेगवेगळी मापं ताडून पाहिली, जगण्यात फरक पडेना, आणि १० सिटिंगमध्ये ३० ग्रे हे माप रुळलं.

इकडे स्वीडनमध्ये लार्स लेक्सेल नावाचा मेंदूचा सर्जन वेगळंच डोक्यात घेऊन बसला होता. १९५१ मध्ये त्याने कल्पना मांडली: कवटी न उघडता, किरणांनीच ऑपरेशन करायचं. लहानपणी भिंगाने कागद जाळलाय ना? साधं ऊन कागदाला काही करत नाही, पण एका बिंदूवर गोळा झालं की धूर निघतो. तसंच. वेगवेगळ्या दिशांनी अशक्त किरण सोडायचे, वाटेतल्या मेंदूला प्रत्येकाचा चटका नगण्य, पण सगळे जिथे भेटतात तिथे जबर डोस. भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सनसोबत त्याने बनवलेलं यंत्र १९६८ च्या सुमारास तयार झालं. त्यात कोबाल्टचे १७९ तुकडे गोलाकार बसवले होते. डोकं तसूभरही हलू नये म्हणून कवटीला धातूची चौकट स्क्रूने घट्ट बसवायची. नाव पडलं गॅमा नाईफ, म्हणजे सुरी नसलेली सुरी.

गंमत म्हणजे लेक्सेलच्या मनात तेव्हा असह्य वेदना, हातापायांची थरथर असे आजार होते. पसरलेला कॅन्सर त्याच्या यादीत वरती नव्हताच. पण सीटी आला, मग एमआरआय आला, गाठी दिसू लागल्या, आणि लक्षात आलं की मेंदूतल्या अशा गाठी बऱ्याचदा गोल आणि कडा स्पष्ट असलेल्या असतात. भिंगासाठी यापेक्षा सोयीचं लक्ष्य कुठलं?

तरी अख्ख्या मेंदूचं रेडिएशन चालूच राहिलं. कारण सरळ होतं: दिसते ती गाठ जाळाल, पण न दिसणाऱ्या बारीक गाठींचं काय?

१९८९ मध्ये न्यूयॉर्कच्याच लिसा डीअँजेलिस आणि सहकाऱ्यांनी १२ पेशंटची हकिगत छापली. या लोकांच्या मेंदूतला कॅन्सर अख्ख्या मेंदूच्या रेडिएशनने गेला होता. यश! पण काही महिन्यांत, काहींना दोन-तीन वर्षांत, त्यांना विसर पडू लागला, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा गेला. आजार गेला आणि माणूस हरवला. त्यांना एका वेळी दिलेले डोस मोठे होते, हे खरं. पण त्याआधी हे का दिसलं नव्हतं? कारण मेंदूत पसरलेल्या कॅन्सरचे बहुतेक पेशंट तेवढे जगतच नव्हते. आणि जे जगत होते, त्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा कोणी घेत नव्हतं.

२००६ मध्ये जपानच्या हिडेफुमी आओयामा यांच्या चाचणीचा निकाल आला. मेंदूत १ ते ४ गाठी असलेले १३२ पेशंट. एका गटाला फक्त नेमके किरण, दुसऱ्याला नेमके किरण अधिक अख्खा मेंदू. जगण्यात फरक नाही, ८ महिने आणि ७.५ महिने. पण वर्षभरात मेंदूत पुन्हा कुठेतरी गाठ येण्याचं प्रमाण फक्त नेमके किरण घेतलेल्यांत ७६.४ टक्के, दुसरीकडे ४६.८. झालं, दोन्ही पक्षांना आपापला आकडा मिळाला. एक म्हणे, बघा, अख्खा मेंदू दिला तर गाठी कमी येतात. दुसरा म्हणे, पण माणूस जास्त जगत नाही ना!

हा वाद सुटला तो वेगळी गोष्ट मोजली तेव्हा. आता एक छोटा खेळ. मी १२ शब्द म्हणतो, ऐका: बैल, भेंडी, खाट, मांजर, दोडका, कपाट, शेळी, गवार, पाट, उंट, वांगं, आरसा. झालं. परत वाचू नका. पुढे विचारतो.

हे शब्द माझे आहेत, पण साधारण अशाच १२ शब्दांची एक खरी परीक्षा असते. शब्द वाचून दाखवायचे, लगेच आणि मग वीस-पंचवीस मिनिटांनी विचारायचे. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये एरिक चँग आणि सहकाऱ्यांनी हीच परीक्षा चाचणीचं मुख्य माप केली. ५८ पेशंट झाल्यावर चाचणी वेळेआधी थांबवावी लागली, कारण फरक उघड होता. चार महिन्यांनी शब्द आठवण्याची क्षमता घसरण्याचा संभव अख्खा मेंदू जोडलेल्या गटात ५२ टक्के, फक्त नेमक्या किरणांच्या गटात २४. २००९ ची गोष्ट. २०१६ मध्ये पॉल ब्राउन यांच्या २१३ पेशंटच्या चाचणीतही तेच: तीन महिन्यांनी बुद्धीच्या कामात घसरण ९१.७ टक्के विरुद्ध ६३.५. जगण्यात अर्थपूर्ण फरक नाही.

त्याच वर्षी ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातून क्वार्ट्झ चाचणी आली. फुप्फुसातून मेंदूत कॅन्सर पसरलेले, ऑपरेशन किंवा नेमके किरण शक्य नसलेले ५३८ पेशंट. अर्ध्यांना स्टेरॉइड आणि अख्ख्या मेंदूचं रेडिएशन, अर्ध्यांना फक्त स्टेरॉइड आणि काळजी. सरासरी जगणं ९.२ आठवडे आणि ८.५ आठवडे. आयुष्याचा दर्जा धरून हिशेब केला तर फरक ४.७ दिवस. नऊ आठवड्यांचं आयुष्य उरलेलं असताना त्यातले किती दिवस हॉस्पिटलच्या रांगेत घालवायचे, हा प्रश्न त्या आकड्याने उघडा केला.

म्हणून अख्ख्या मेंदूचं रेडिएशन अडगळीत गेलं असं नाही. गाठी खूप असतील तर ते आजही लागतं. पण तिथेही सुधारणा झाली. नव्या आठवणी साठवायचं काम करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग मेंदूत दोन्ही बाजूंना असतो. कॉम्प्युटरने किरण त्याला चुकवून वळवायचे आणि सोबत मेमँटाइन हे औषध द्यायचं. ५१८ पेशंटच्या चाचणीत, २०२० मध्ये, बुद्धीची घसरण होण्याचा धोका हिप्पोकॅम्पस चुकवल्यामुळे सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला.

बरं, ते १२ शब्द? किती आठवतात? तीन गट होते, प्राणी, भाज्या, घरातल्या वस्तू. सात-आठ आले तरी उत्तम. आता विचार करा, हीच परीक्षा नातवाचं नाव आठवण्याची असेल तर.

कमी म्हणजे नेहमीच भारी? परळचं उत्तर

इथवर ऐकून वाटेल की इतिहास एकाच दिशेने चाललाय: कमी करा, अजून कमी करा. तर आता आपल्या मुंबईतली गोष्ट.

टाटा मेमोरियलमध्ये वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी पॉप-आरटी नावाची चाचणी केली. २०११ ते २०१७ या काळात २२४ पुरुष त्यात घेतले. यांचा प्रोस्टेट कॅन्सर जास्त धोक्याचा होता, म्हणजे शेजारच्या लसिका ग्रंथींमध्ये तो न दिसता पोचलेला असण्याची शक्यता बरीच. एका गटाला फक्त प्रोस्टेटवर रेडिएशन, दुसऱ्याला प्रोस्टेट आणि ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींवरही. दोन्हीकडे २५ सिटिंग. म्हणजे इथे दिवस नव्हे, जागा ताडून पाहिली.

२०२१ मध्ये निकाल छापला. पाच वर्षांनी पीएसए पुन्हा वाढलेला नाही असे लोक, फक्त प्रोस्टेटच्या गटात ८१.२ टक्के, मोठ्या जागेच्या गटात ९५. कॅन्सर दूर पसरण्याचं प्रमाणही कमी. एकूण जगण्यात तोवर फरक दिसला नव्हता आणि लघवीचे त्रास मोठ्या जागेच्या गटात जास्त होते. पण जास्त धोक्याच्या पेशंटमध्ये जास्त जागा घेणं फायद्याचं ठरू शकतं, हे परळच्या चाचणीने दाखवलं, आणि जगभरच्या डॉक्टरांना त्याची दखल घ्यावी लागली.

मेंदूत न दिसणाऱ्या गाठींच्या भीतीने सगळीकडे फवारणं महागात पडलं. ओटीपोटात न दिसणाऱ्या पेशींसाठी मोठं क्षेत्र घेणं उपयोगी पडलं. युक्तिवाद एकच, उत्तरं दोन. म्हणूनच नुसत्या तर्कावर भागत नाही, ताडून बघावं लागतं. आणि ताडताना काय मोजतोय हेही बघावं लागतं. गाठी मोजल्या तर एक उत्तर येतं, आठवणी मोजल्या तर दुसरं.

दिवसांचा हिशेब

मोजायची अजून एक गोष्ट आहे, दिवस. लंडनमध्ये ३७ सिटिंग म्हणजे ३७ वेळा बस. पण बीड किंवा यवतमाळहून परळला आलेल्या माणसासाठी ३७ सिटिंग म्हणजे साडेसात आठवडे मुंबईत राहणं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. नाहीतर भाड्याची खोली, नाहीतर हॉस्पिटलबाहेरचा फुटपाथ. सोबत एक माणूस, म्हणजे त्याचीही मजुरी बुडाली. पेरणी किंवा काढणी त्यात आली तर वर्ष गेलं. ३७ चे २० झाले, २० चे ५ झाले, तर हे सगळं आकसतं. मशीनच्या बाजूने बघा: एका पेशंटच्या ३७ पाळ्यांमध्ये ५ सिटिंगवाले सात जण उरकतात. रांगेतल्या सातव्या माणसाला विचारा याचा अर्थ काय.

पण कमी शेक म्हणजे जास्त काळजी, हेही तितकंच खरं. ५ सिटिंगला नेमकं मशीन, चांगला स्कॅन आणि तयार हात लागतात. मेंदूवर फक्त नेमके किरण घेतले तर ठरावीक काळाने एमआरआय चुकवून चालत नाही, कारण नवी गाठ येऊ शकते. गावी गेलो आणि विसरलो, असं करायचं नाही.

तर घरात कोणाला रेडिएशन सांगितलं असेल, तर डॉक्टरांना चार प्रश्न बिनधास्त विचारा. किती सिटिंग, आणि त्यापेक्षा कमी माझ्या बाबतीत चालतील का? किती जागेवर? काही दिवस थांबून लक्ष ठेवलं तर? आणि यातून बरं झाल्यावर माझ्यात काय बदललेलं असेल? चांगले डॉक्टर चिडत नाहीत. हे प्रश्न आधी डॉक्टरांनीच एकमेकांना विचारले, म्हणून तर आपण इथवर आलो.

शेवटी एक बेरीज. या भागात ज्या नाणेफेकीच्या चाचण्या आल्या, त्यांतली माणसं मोजली तर साडेआठ हजारांच्या वर जातात. प्रत्येकाला कॅन्सर होता. प्रत्येकाला सांगितलं होतं की कुठला उपचार चांगला हे आम्हाला अजून पक्कं माहीत नाही, तुम्हाला कुठला मिळेल ते चिठ्ठीवर ठरेल. तरी त्यांनी सही केली. त्यांतल्या अनेकांना निकाल बघायला मिळाला नाही. क्वार्ट्झमधल्या लोकांकडे तर मोजके आठवडे उरले होते. उद्या कोणाच्या फाईलवर ३७ ऐवजी ५ लिहिलेलं दिसलं, तर त्या पाचामागे ही माणसं उभी आहेत.

भाग आवडला असेल तर घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, तिथे फिरणाऱ्या काढ्यांपेक्षा हा बरा. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. काळजी घ्या, भेटू लवकरच!